किती पाने वाढायची?



गेल्या वर्षी चातुर्मासात एका हिंदी प्रवचनाचा मराठी अनुवाद करण्याची सेवा माझ्याकडे आली. विषय होता 'परिवार', आणि पहिल्याच वाक्याला मी अडले. या शब्दासाठी मराठीत काय लिहावे? 'कुटुंब' लिहावे, तर आपल्या पणजोबांच्या पिढीत 'आमचे कुटुंब' म्हणजे पत्नी. 'बिऱ्हाड' म्हटले की माणसांबरोबर भांडीकुंडीही आली. 'घरची मंडळी' म्हणावे, तर जे घरात राहत नाहीत त्यांचे काय? 'परिवार' हा शब्द मराठीतही आहेच, आणि त्याचा अर्थ सभोवतालची माणसे असा होतो. परंतु सभोवतालची सगळीच माणसे आपली असतात का?

मी शब्दकोश चाळला आणि मग केंद्रावरील ज्येष्ठ ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "कोशात किती शोधशील? माणसांकडे जा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस."

त्याप्रमाणे आमच्या इंदूर शहरात आणि जवळपास मी नऊ जणांना भेटले. 'तुमच्यासाठी कुटुंब म्हणजे काय?' एवढाच प्रश्न विचारला. त्यांपैकी सहा जणांचे बोल त्यांच्या अनुमतीने, नावे न देता, येथे ठेवत आहे. काहीजण हिंदीत बोलले, त्यांचा अनुवाद माझा आहे. हे ऐकताना आपणही मनातल्या मनात आपल्या घरात डोकावावे, एवढीच विनंती.

आजींचे उत्तर

पहिल्या होत्या एक निवृत्त शिक्षिका. वय अठ्ठ्याहत्तर, यजमान निवर्तले, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. त्या एकट्याच राहतात. माझा प्रश्न ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी पूर्वी रोज दहा-अकरा पानं असायची. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, 'किती पानं वाढायची?' मग मी बाहेरच्या खोलीत जाऊन माणसं मोजून यायची. कोण आलंय, कोण यायचंय, कोणाचा उपास आहे, कोण रुसून बसलंय. बाळ, मला तर वाटतं या प्रश्नाचं जे उत्तर येतं ना, तेच कुटुंब."

मी विचारले, "आणि आता?"

"आता एकच पान. पण कणीक भिजवताना हाताला ते कळत नाही. दोन पोळ्या जास्त होतातच. एक खालच्या रखवालदाराच्या लेकीला देते, एक गायीला."

आजींना एकटेपणा नाही असे नाही. त्यांनी तो लपवलाही नाही. परंतु घर रिकामे झाले म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही. आम्हा इंदूरकरांना या बाबतीत फार दूर पाहावे लागत नाही. देवी अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि लगेच पुढच्या वर्षी एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. तेरा वर्षांत घरातील तीन पाने उठली. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांच्या राज्यकारभारात त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. ज्यांना त्या कधी भेटणारही नव्हत्या, अशा वाटसरूंची पाने त्यांनी मोजली. लोक त्यांना 'लोकमाता' म्हणतात, ते उगीच नव्हे.

एका चुलीवरचे सहा जण

दुसरे उत्तर मिळाले बांधकामावर मजुरी करणाऱ्या एका तरुणाकडून. तो झाबुआकडचा. एका खोलीत सहा जण राहतात. गावे वेगळी, जाती वेगळ्या, एक शेगडी. स्वयंपाकाची पाळी ठरलेली. तो म्हणाला, "कोणी उशिरा आला तर त्याचं ताट झाकून ठेवतो. भूक कितीही असो, झाकलेल्या ताटाला हात लावायचा नाही, हा खोलीचा कायदा."

मग तो थोडे थांबून म्हणाला, "गावी आई अजून माझ्या नावाची मक्याची भाकरी बाजूला काढते. रात्री कुत्र्याला घालते. बहीण फोनवर सांगते. मला वाटतं, तिकडेही माझं ताट झाकलेलं आहे आणि इकडेही. ज्याचं ताट दोन ठिकाणी झाकलेलं असतं, तो गरीब कसा?"

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. आम्हाला व्याख्या पाठ कराव्या लागतात. आपल्या जनगणनेत 'कुटुंब' ठरवताना रक्ताच्या नात्याची अट नसते. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, मग ती नात्याची असोत वा नसोत. उलट, नात्यातली माणसे एका छपराखाली राहूनही चुली वेगळ्या असतील, तर सरकारी कागदावर ती वेगळी कुटुंबे ठरतात. परीक्षेपुरती पाठ केलेली ही व्याख्या मला त्या खोलीत पहिल्यांदा समजली.

आणि एक प्रश्न मनात राहिला. आपल्या घरी चूल एकच आहे, पण ताट झाकून ठेवण्याचा कायदा अजून आहे का? की प्रत्येकजण आपापल्या वेळी, आपापल्या मोबाइलसमोर जेवून उठतो?

रिकामा रकाना

तिसरी एकोणीस वर्षांची मुलगी. तिचे बालपण बालगृहात गेले. आता ती एका दुकानात काम करते आणि शिकते. ती म्हणाली, "ताई, बालगृहात मला कोणी उपाशी ठेवलं नाही. खोटं बोलणार नाही. वेळेवर जेवण, शाळा, कपडे, सगळं मिळालं. सांभाळणाऱ्या मावशी चांगल्या होत्या, पण पाळीनं बदलायच्या. मला काय आवडत नाही, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. शंभर मुलींत ते कोण लक्षात ठेवणार?"

महाविद्यालयाच्या अर्जात एक रकाना असतो. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे, त्याचे नाव आणि क्रमांक. पहिल्या वर्षी तिने तो रिकामा सोडला. त्या वर्षी ती ज्यांच्याकडे भाड्याच्या खोलीत राहू लागली, त्या काकू एक दिवस सहज म्हणाल्या, "आज कारल्याची भाजी आहे. तुला चालत नाही ना, म्हणून बटाटा वेगळा केलाय."

"मी खोलीत जाऊन खूप रडले," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी अर्ज भरताना काकूंना विचारलं, तुमचं नाव लिहू का? त्या म्हणाल्या, विचारतेस काय, लिही की."

परिजनहो, तेराव्या-चौदाव्या शतकातील संत जनाबाईंची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. गंगाखेडची ही मुलगी लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि आयुष्यभर त्या घरातील दळण-कांडण करत राहिली. तिच्या नावावर एक अभंग आहे. त्यात नामदेवांच्या घरातील आई, बायको, मुले, सुना, लेक, बहीण यांची नावे एकेक करून येतात आणि शेवटी ती स्वतःचे नाव घालते. मला हा अभंग पूर्वी नुसती यादी वाटत असे. आता त्यातले धैर्य कळते. आईबापांपासून लांब, दुसऱ्याच्या घरी राबणारी एक मुलगी त्या घरची माणसे मोजते आणि मोजदाद संपण्यापूर्वी स्वतःला त्यात मोजते. आणि ते घरही असे की पुढच्या सातशे वर्षांनी नामदेवांचे नाव घेताना जनीचे नाव आपोआप ओठांवर येते.

आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना काय आवडत नाही, हे आपल्याला माहीत आहे का? शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जातला तो रकाना भरलेला आहे का? साधना येथूनही सुरू होऊ शकते.

ज्या घरी परत जायचे नाही

चौथ्या ताईंचे उत्तर लिहिताना मला भीती वाटते, कारण ते आपल्यासारख्या सत्संगी माणसांना उद्देशून आहे. त्यांनी दोन मुलांसह सासर सोडले आहे. प्रश्न ऐकताच त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक सांगता, घर जोडून ठेवा, सहन करा, प्रार्थना करा, माणूस बदलेल. मी सात वर्षं जोडून ठेवलं. हात दोनदा मोडला. आता माझ्यासाठी कुटुंब म्हणजे जिथे दाराबाहेर पावलं वाजली तर माझी मुलं दचकत नाहीत, ते."

मी मान खाली घातली. आपल्यापैकी कोणी, अगदी चांगल्या हेतूने, अशा एखाद्या भगिनीला 'थोडे सोस' असे सांगितले असेल, तर त्याचे प्रायश्चित्त आपल्याला घ्यावे लागेल. सहनशीलता हा सद्गुण आहे, पण तो स्वतःहून स्वीकारायचा असतो. मार खाणाऱ्याला दुसऱ्याने तो शिकवायचा नसतो. ज्या पंगतीत एकाला भीतीने घास गिळावा लागतो, ती पंगत मोडली तर अधर्म होत नाही. अधर्म त्यापूर्वीच झालेला असतो. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा आपल्या देशात २००५ मध्ये झाला आहे, आणि महिलांसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांक १८१ आहे. कोणी विश्वासाने आपले दुःख सांगितले, तर आधी ऐकावे, मग हा क्रमांक द्यावा, आणि गरज असेल तर सोबत जावे. उपदेश राहिला तरी चालेल.

पाच जागा

पाचव्या भेटल्या एक सूनबाई. सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. सगळे त्याच करतात. मी मनात एक गोड उत्तर गृहीत धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "प्रेमानं करते असं लिहू नकोस. लग्नानंतर पहिली पाच वर्षं यांनी मला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवलं. कधी भाजी उरायची नाही. मी ते विसरलेले नाही. आता मी करते, कारण करायला हवं म्हणून करते."

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून पुढे सांगितले. "गेल्या महिन्यात भरवत होते. तिसऱ्या घासाला त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, 'तू जेवलीस का?' बावीस वर्षांत पहिल्यांदा. माफी काही मागितली नाही त्यांनी. पण मी ती माफीच समजले. त्या दिवसापासून माझं ताटही त्यांच्या पलंगाजवळच घेऊन बसते."

या सूनबाईंचे बोल ऐकल्यावर मला आपल्या परंपरेतील एक विचार पुन्हा वाचावासा वाटला. स्मृतिग्रंथांत 'पंचसूना' सांगितल्या आहेत. गृहस्थाच्या घरात पाच जागा अशा असतात, की तेथे नकळत जीवहिंसा होते. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडे जळतात, जात्यात भरडले जातात, केरसुणीखाली चिरडतात. घर चालवायचे म्हटले की हे टळत नाही. म्हणून त्याचे परिमार्जन म्हणून रोज पाच यज्ञ सांगितले. ब्रह्मयज्ञ म्हणजे स्वाध्याय, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांना घास, आणि मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीला अन्न.

हे यज्ञ आपल्याला साधारण माहीत असतात. त्यामागचे कारण मात्र आपण विसरतो. आपल्या पूर्वजांनी गृहस्थाश्रमाचा गौरव केला, पण घर निर्दोष असते असे म्हटले नाही. घर जिथे जिथे पोसते, त्याच जागी ते कोणाला तरी दुखवतेही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. चूल पोसते आणि चूलच जाळते. म्हणून परिमार्जन वर्षातून एकदा नव्हे, तर रोज करायचे. आज जाती गेली, उखळे गेली, पण सूना गेल्या नाहीत. एखादी नेहमी शेवटी जेवते, एखाद्याला दुसऱ्याच्या गुणांशी तोलले जाते, एखाद्याचे बोलणे चारचौघांत तोडले जाते. हे सारे बहुधा कोणी मुद्दाम करत नाही. केरसुणीखाली किडा जसा जातो, तसेच मन जाते. प्रश्न एवढाच की त्याची रोजची भरपाई कोणता यज्ञ करतो? त्या सासूबाईंचा तीन शब्दांचा प्रश्न हा मला यज्ञच वाटतो. तो बावीस वर्षे उशिरा झाला, पण झाला.

आमच्या घरातले पान

येथपर्यंत मी इतरांच्या घरांविषयी बोलले. आता आमच्या घराविषयी सांगितले नाही, तर हे सारे प्रवचन पोकळ ठरेल.

चार वर्षांपूर्वी माझी आजी गेली. आजोबा आधीच गेले होते. आजोबांनी स्वकष्टाने बांधलेले एक घर, मृत्युपत्र नाही, आणि वारस दोघे, माझे बाबा आणि आत्या. तेराव्यानंतर काही दिवसांनी हक्कसोडपत्र तयार झाले. 'बहिणीने सही करायची असते', एवढेच सगळ्यांचे म्हणणे होते. आत्याने सही केली नाही. तिने वाटा मागितला. त्या दिवसापासून तिच्याविषयी आमच्या घरात 'लोभी' हा शब्द वापरला जाऊ लागला, आणि भाऊबीज बंद झाली.

त्याच वर्षी महाविद्यालयात मी कायद्याचा विषय शिकत होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा समान वाटा असतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क मिळाला. परीक्षेत मी हे उत्तर लिहिले आणि मला चांगले गुण मिळाले. घरी मात्र मी एक अक्षर बोलले नाही. आत्याचे म्हणणे न्याय्य आहे हे मला ठाऊक होते. मी बाबांना घाबरले असेही नाही. घरात शांतता हवी, एवढ्यासाठी मी गप्प बसले. ती शांतता आत्याच्या किमतीवर विकत घेतलेली होती.

म्हणून सहावी मुलाखत घ्यायला मी देवासला आत्याकडे गेले. वहीही उघडली नाही. नुसता प्रश्न विचारला.

आत्या म्हणाली, "पैसे मला हवे होते, खोटं कशाला बोलू? तुझ्या काकांचं काम सुटलं होतं. पण दादानं प्रेमानं सांगितलं असतं, तर कदाचित मी वाट पाहिली असती. तो कागद वाचलास का तू? त्यात लिहिलं होतं, 'यापुढे माझा या घराशी काहीही संबंध राहणार नाही.' लग्नानंतर माहेरी आले की आई माझं पान ठरलेल्या जागी मांडायची, खिडकीजवळ. वारा येतो म्हणून. काहीही संबंध राहणार नाही, यावर मी सही कशी करू, सांग."

मी वकिलांचा तो कागद कधीच वाचला नव्हता. बहुधा बाबांनीही केवळ सहीची जागा पाहिली असावी.

परतताना बसमध्ये मला मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आठवले. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकटी बहीण बाहेर उभी राहिली आणि त्यांनी ताटी उघडावी म्हणून विनवत राहिली. आई-वडील गेलेले, समाजाने टाकलेले, चार भावंडेच एकमेकांचे सर्वस्व. त्या घरात समजूत घालायला थोरले निवृत्तिनाथ होते, पण ताटीचे अभंग आहेत ते सर्वांत धाकट्या मुक्ताईचे. बंद दारासमोर उभे राहण्यासाठी वय लागत नाही, अधिकारही लागत नाही. कोणीतरी उभे राहावे लागते, एवढेच. आमच्या घरात सर्वांत धाकटी मी होते, आणि चार वर्षे मी त्या दाराजवळही गेले नव्हते.

घरी येऊन मी बाबांना कायदा सांगितला नाही. आत्याचे ते खिडकीजवळच्या पानाचे वाक्य जसेच्या तसे सांगितले, आणि मी चार वर्षे गप्प बसले त्याबद्दल क्षमा मागितली. बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस ते फारसे जेवलेही नाहीत. दिवाळी जवळ आली होती. एका सकाळी त्यांनी आईला विचारले, "भाऊबीजेला किती पानं होतील?"

आत्या आली. दोघे फार बोलले नाहीत. आईने तिचे पान खिडकीजवळ मांडले होते. ती संध्याकाळच्या बसने परत गेली. हा लेख पाठवण्यापूर्वी मी दोघांनाही वाचून दाखवला आहे. आत्या म्हणाली, "दे पाठवून." बाबा म्हणाले, "ते 'लोभी' लिहिलंयस ते राहू दे. म्हटलं होतं आपण."

गोष्ट येथे संपली असे मात्र समजू नये. घराची वाटणी अजून व्हायची आहे. पान वाढले म्हणून वाटा देण्यातून सुटका होत नाही. बहिणीला प्रेम द्यायचे आणि तिचा हक्क स्वतःकडे ठेवायचा, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही. दोन्ही द्यावे लागेल. बाबा आता ते मान्य करतात, आणि मान्य करणे व देणे यांत जे अंतर आहे ते पार होईपर्यंत विचारत राहणे हे माझे काम आहे.

सात दिवसांचा संकल्प

सहा जणांनी सहा उत्तरे दिली. त्यांत कोणीही रक्ताचे नाते हे कुटुंबाचे लक्षण म्हणून सांगितले नाही. प्रत्येकाने सांगितले ते एक तर कोणी आपल्याला मोजल्याचे, किंवा मोजण्यातून वगळल्याचे. म्हणून या विषयावर आपण केवळ वाचून थांबू नये. पुढील सात दिवस, रोज जमेल तेवढे, एवढे करून पाहावे.

पहिल्या दिवशी एका कागदावर आपली माणसे लिहावीत. लिहून झाल्यावर पाच मिनिटे शांत बसून पाहावे, कोणाचे नाव सुटले आणि का सुटले.

दुसऱ्या दिवशी घरातील प्रत्येकाला विचारावे, 'तुला काय आवडत नाही?' ऐकावे, वाद घालू नये.

तिसऱ्या दिवशी जी व्यक्ती नेहमी शेवटी जेवते, तिचे पान सर्वांत आधी वाढावे. एक दिवस जमले, तर पुढे रोजच बदलावे.

चौथ्या दिवशी एक घास किंवा एक ताट उंबऱ्याबाहेर जावे. पक्षी, गाय, शेजारी, वाटसरू, कोणासाठीही.

पाचव्या दिवशी आपल्या नकळत कोणाचे मन केरसुणीखाली गेले असेल, तर त्याच्याशी साध्या शब्दांत बोलावे. क्षमा हा शब्द उच्चारता आला नाही, तर निदान 'जेवलास का' एवढे तरी विचारावे.

सहाव्या दिवशी घरातील कागद काढून वाचावेत. कोणाचा न्याय्य वाटा आपल्याकडे अडकला असेल, तर तो देण्याचा दिवस ठरवावा.

सातव्या दिवशी एका बंद दारासमोर उभे राहावे. फोनवर का होईना. दार उघडेलच असे नाही. आणि ज्या दारामागे आपल्याला मारहाण झाली, त्या दारापाशी परत जाण्याचे बंधन कोणावरही नाही. अशा भगिनींनी आणि बंधूंनी सातव्या दिवशी आपल्या सुरक्षित घरात दिवा लावावा आणि निश्चिंत जेवावे. तीच त्यांची साधना.

वाचता वाचता कोणाला वाटेल, त्या हिंदी प्रवचनातील 'परिवार' या शब्दाचे पुढे काय झाले? मी तेथे 'आपली माणसे' असे लिहिले. केंद्रावरील ताईंनी तो अनुवाद तपासताना या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि समासात लिहिले, 'मोजून घेतलीस ना?'

आज रात्री स्वयंपाकघरातून हाक येईल, किंवा आपण स्वतःच भांड्यात तांदूळ घेत असू. त्या वेळी क्षणभर थांबून आपणही मोजावे. परमेश्वर आपल्या प्रत्येकाच्या पंगतीत एक पान जास्त वाढवण्याची बुद्धी आणि जे पान आपणच उठवले ते पुन्हा मांडण्याचे बळ देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.